प्रकल्प नोंदी: मिरजोळेतला सर्व्हर आणि ७६ दिवसांचा लॉग

ठिकाण: रत्नागिरी, मिरजोळे एमआयडीसी. आंब्याचा पल्प आणि काजू. दोन होस्ट (मोठे सर्व्हर), त्यांत चार सॉकेट (प्रोसेसरच्या जागा), त्यांच्यावर चौदा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक), एक जुना फिजिकल सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा). आयटी विभाग म्हणजे मी आणि एक ज्युनियर.

५ मे २०२५, सोमवार

सकाळी सव्वासातला गाड्या तोलायच्या काट्यावरून फोन. "साहेब, पावती निघत नाय हो, आणि मागं सात गाड्या लागल्यात." ऐन हंगाम, त्यात गाड्यांत पिकायला आलेला हापूस. पोहोचलो तेव्हा काट्यावरचा माणूस कार्बन लावून हाताने पावत्या फाडत होता.

ईआरपीचा, म्हणजे सगळ्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस वाचता येत होता, लिहिता येत नव्हतं. डेटाबेस चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या नोंदींत एरर ९००२: ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) भरला. लॉगच्या ड्राइव्हवर शून्य बाइट मोकळ्या. डेटा फाइल ९६ जीबीची आणि लॉग फाइल २४० जीबीची! पोटापेक्षा शेपूट मोठं.

लॉग रिकामा का होत नाहीये याचं कारण सर्व्हर स्वतःच सांगतो, डेटाबेसच्या यादीत त्याचा रकानाच आहे. तिथे लिहिलं होतं 'लॉग बॅकअप'. म्हणजे फुल रिकव्हरी मॉडेल (बॅकअप होईपर्यंत प्रत्येक बदल लॉगमध्ये जपणारी सेटिंग) आहे, लॉगचा बॅकअप कुणी घेत नाहीये आणि तो घेतला जात नाही तोवर आतली जागा पुन्हा वापरता येणार नाही. इथपर्यंत दोन मिनिटं.

ज्युनियरने मोबाइलवर उपाय शोधून ठेवलेला: रिकव्हरी मॉडेल सिंपल करा (लॉग जपायचा नाही), लॉग श्रिंक करा (फाइल छोटी), पुन्हा फुल करा. दोन मिनिटांत काम होतं खरं, पण लॉगची साखळी (एकापुढे एक जोडलेले लॉग बॅकअप) तुटते. त्या क्षणापूर्वीच्या कुठल्याही वेळेला परत जायचा रस्ता, जो काही उरला असेल तो, आपल्याच हाताने बंद. त्याला म्हटलं, थांब रे बाबा.

नॅसवर थेट लॉग बॅकअप घेतला. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर २४० जीबीला चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत शेठ तीनदा येऊन गेले, काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोललेले परवडले असते. ८:५० ला पहिली पावती निघाली.

जाताना दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप घेणारा एक जॉब सर्व्हरवरच लावून ठेवला. तात्पुरता. (ही ओळ लक्षात ठेवायला हवी होती. पुढे १९ मे पाहा.)

मूळ प्रश्न तसाच: बॅकअप सॉफ्टवेअरच्या पडद्यावर रोज रात्रीची हिरवी टिक आहे. मग लॉगचा बॅकअप कोण घेत होतं?

६ मे

कुणीच घेत नव्हतं. १८ फेब्रुवारीपासून, म्हणजे कालपर्यंत ७६ दिवस.

आपलं बॅकअप सॉफ्टवेअर मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेण्याआधी विंडोजच्या व्हीएसएस सेवेला (चालू डेटाची स्थिर प्रत घ्यायला मदत करणारी) सांगतं, ती एसक्यूएलच्या 'रायटर'ला सांगते, तो क्षणभर डेटाबेसचं लिखाण थोपवतो आणि मग स्नॅपशॉट होतो. हे नीट पार पडलं तरच सॉफ्टवेअर लॉगला हात लावतं. जॉबच्या सेटिंगमध्ये एक पर्याय असतो: ॲप्लिकेशनला सांगायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर सोडून द्या. आपल्याकडे नेमका तोच निवडलेला. रोज रात्री प्रयत्न फसत होता, सॉफ्टवेअर सोडून देत होतं आणि नुसता मशीनचा फोटो काढून हिरवी टिक लावत होतं. इशारा होता, पण जॉबच्या तपशिलात, तिसऱ्या टॅबवर, राखाडी अक्षरात.

कमांड प्रॉम्प्टवर रायटर्सची यादी काढली. रजिस्ट्रीचा आहे, डब्ल्यूएमआयचा आहे (दोन्ही विंडोजचेच भाग), एसक्यूएलचा यादीतच नाही. बिघडलेला असता तर 'फेल्ड' दिसला असता. हा हजरच नव्हता. सेवा मात्र चालू. बंद करून पुन्हा चालू केली, फरक नाही. सर्व्हिस अकाउंटची परवानगी पाहिली, ठीक. सर्व्हर रीस्टार्ट करायला दुपारच्या जेवणाची वेळ मागून घेतली, केला, तरी नाही. दुपारी सॉफ्टवेअरच्या सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं की आपला करार मार्चमध्ये संपला, आधी नूतनीकरण करा.

चहानंतर जुनी एक गोष्ट आठवली. डेटाबेसच्या नावाच्या शेवटी मोकळी जागा राहिली तर एसक्यूएलचा रायटर यादीतून गायब होतो. एका डेटाबेसचं नाव असं असलं तरी अख्खा रायटर जातो, बाकीच्या शहाण्या डेटाबेसांसकट. पण ही जागा दिसणार कशी? पडद्यावर मोकळी जागा म्हणजे काहीच नाही. एसक्यूएल स्वतः तुलना करताना शेवटची जागा धरत नाही आणि लांबी मोजायचं नेहमीचं फंक्शनही ती सोडून मोजतं.

म्हणून नावांची यादी काढताना प्रत्येक नावापुढे एक उभी रेघ चिकटवली. अकरा नावं. दहांना रेघ नावाला खेटून. सातव्या ओळीत नाव, मग एका अक्षराची फट, मग रेघ. 'पल्प टेस्ट' नावाचा चाचणीचा डेटाबेस. बाइट मोजल्या: इंग्रजीत अंडरस्कोर धरून नऊ अक्षरं, म्हणजे १८ बाइट हव्यात. आल्या २०.

तयार झाल्याची तारीख: १८ फेब्रुवारी. त्या दिवशी ईआरपीवाला कन्सल्टंट आला होता, एक्सेलमधून नाव कॉपी करून टाकताना बघितल्याचं ज्युनियरला आठवतंय. त्याला दोष देऊन काय करायचं, मीच त्याला अधिकार दिले होते.

सरळ नाव बदलायला गेलं तर सर्व्हरला जुनं आणि नवं नाव एकच वाटतं. म्हणून आधी भलतंच नाव दिलं, मग बरोबर. रायटर सेवा पुन्हा चालू केली, यादी काढली. आला.

लॉग फाइल श्रिंक करून १६ जीबीवर आणली. एकदाच. हे दर आठवड्याला करायचं काम नव्हे.

८ मे

काल रात्री शेठनी सरळ विचारलं, "सर्व्हर जळला तर किती वेळात उभा करशील?" मी म्हटलं दोन तास. आज करून पाहिलं.

मोकळ्या होस्टवर ईआरपीचं मशीन रिस्टोअर केलं, ४०० जीबी. बॅकअप ज्या नॅसवर आहेत तो चार डिस्कचा, जुना. लिहिताना बरा चालतो, पण डीडुप केलेली (सारखे तुकडे एकदाच साठवलेली) फाइल उलगडून वाचायला लागला की ३५ एमबी प्रति सेकंद. तीन तास दहा मिनिटं. मशीन उठलं, डेटाबेसही उठला.

मग फक्त डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून पाहिला, कारण विंडोजच बसलं तर तेच करावं लागेल. डेटा आला, पण एकालाही लॉगिन होईना. लॉगिन असतात मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये आणि आतल्या युजरशी ते नावाने जोडलेले नसतात, आतल्या ओळख-क्रमांकाने जोडलेले असतात. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन बनवलं तरी क्रमांक वेगळा, युजर पोरके. ३४ युजर एकेक जोडायला पाऊण तास. रात्री चालणारे जॉबही आले नव्हते, ते एमएसडीबी या सर्व्हरच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असतात.

शेठना आकडा कळवला: चार तासांच्या वर. "म्हणजे दोनचे चार," एवढंच म्हणाले.

आता मास्टर आणि एमएसडीबी रोजच्या बॅकअपमध्ये. लॉगिन क्रमांकासकट काढून देणारी स्क्रिप्टही दर रविवारी चालेल.

१२ मे

सपोर्ट संपलेलाच आहे तर नवं सॉफ्टवेअर बघू म्हणून तीन कोटेशन मागवली होती. आली.

पहिलं, दर टीबीला. १६ टीबी × ६२,००० = ९,९२,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,७०,५६०. वर्षाला. एसक्यूएलच्या एजंटचे (जोड-सॉफ्टवेअर) पैसे वेगळे.

दुसरं, दर वर्कलोडला. मशीन व्हर्च्युअल असो की फिजिकल, एक म्हणजे एक, आतला डेटाबेस धरलेला. १५ × ११,५०० = १,७२,५००, जीएसटीसह २,०३,५५०. पाच-पाचच्या गठ्ठ्यात.

तिसरं, सॉकेटवर, कायमचं लायसन्स. ते देणाऱ्यालाच खात्री नव्हती की कंपनी हे अजून विकते का. बाजूला ठेवलं.

पहिल्या दोघांत जवळपास सहापट फरक. दोघं मोजतात तरी काय?

१४ मे

पहिल्यावाल्याशी तासभर फोन. फ्रंट-एंड टीबी म्हणजे मूळ डेटा, कॉम्प्रेस होण्याआधीचा. ठीक, पण आपल्याकडे १६ टीबी आले कुठून? त्यांनी दिलेली मोजणीची स्क्रिप्ट मीच चालवून रिपोर्ट पाठवला होता. पुन्हा उघडला. ९.२ टीबी सीसीटीव्हीचं फुटेज, जे ३० दिवसांनी स्वतःवरच लिहिलं जातं आणि ज्याचा बॅकअप कुणालाच नकोय. उरलेले ६.८ टीबी म्हणजे मशीनना *नेमून दिलेल्या* डिस्क. त्यात खरा भरलेला डेटा २.९.

मग मशीनच्या यादीवर बसलो. चौदापैकी दोन २०२२ पासून बंद. एक जुनं प्रिंट सर्व्हर. एक चाचणीचं. एक कुणी बनवलं ते कुणालाच माहीत नाही, आत एक रिकामा डेस्कटॉप आणि बॅकग्राउंडला गणपतीपुळ्याचा फोटो. पाच गेली. नऊ उरली, अधिक फिजिकल एक, दहा वर्कलोड. डेटा २.१ टीबी.

पहिल्यावाल्यांचा सुधारित आकडा: पाच टीबीच्या खाली ते विकतच नाहीत, ३,१०,००० अधिक जीएसटी म्हणजे ३,६५,८००. अकरा लाख सत्तर हजारांवरून. मी गप्प बसून पहिल्यावर सही घेतली असती तर त्यांनी काही म्हटलं असतं असं वाटत नाही.

दुसऱ्यावाल्यांचा दहाला: १,१५,०००, जीएसटीसह १,३५,७००.

अकाउंट्सच्या काकूंनी विचारलं, "अरे, पण दहापर्यंत फुकट मिळतं ना कुठलं तरी?" मिळतं. व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन दहा वर्कलोडपर्यंत फुकट आहे, धंद्यासाठीही चालते. वाईट नाही. पण अडचणीत तिकीट टाकलं तर उत्तराची हमी नाही. परवा सपोर्टने हात वर केले तेव्हा काय झालं ते त्यांनी पाहिलंय. शिवाय आपला आकडा बरोब्बर दहा. काजूच्या युनिटचं नवं मशीन आलं की अकरा. काकू म्हणाल्या, "म्हणजे एक लाख पस्तीस हजार फोन उचलण्याचे." हो, बऱ्यापैकी तेच.

दुसऱ्यावाल्यांची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती उतरवून घेतली. तीन वर्षं एकदम भरा म्हणतायत. नाही. एकच वर्ष, आणि पुढच्या वर्षीच्या दराची कमाल मर्यादा कोटेशनवर लिहून द्या म्हटलंय. मागच्या विक्रेत्याने तिसऱ्या वर्षी काय केलं ते अजून विसरलो नाही.

१६ मे

बाहेरची प्रत. २०२१ ची गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण नवीन लोकांना माहीत नाही. तेव्हा आपली दुसरी प्रत चिपळूणच्या ऑफिसात, तळमजल्यावर असायची. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आलं. डिस्क मिळाली ती पाचव्या दिवशी, चिखलाने भरलेली, टेबलाच्या खणात. नशीब की इथली मूळ प्रत शाबूत होती.

शिवाय सीएंनी आठवण केली: ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोजच्या रोज असायला हवा. पूर्वी नियमात 'ठरावीक काळाने' होतं.

ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रीजन (मुंबईतली केंद्रं) घ्यायचा ठरतंय. साठवणूक जीबीला महिना अडीच सेंट, १.२ टीबीला (कॉम्प्रेस झाल्यावर एवढंच उरतं) तीस डॉलर. परत खाली उतरवायचे वेगळे पैसे, महिन्याला पहिले १०० जीबी सोडून जीबीला ११ सेंटच्या आसपास. सगळं एकदा उतरवलं तर सव्वाशे डॉलरच्या आत. शेठ याच आकड्यावर अडले होते. त्यांना म्हटलं, पैशाचं सोडा, वेळ बघा. आपली लाइन ५० एमबीपीएस. १.२ टीबी म्हणजे ५३ तास, लाइन एक क्षण न दमता. सर्व्हर जळल्यावर क्लाउडमधून ईआरपी आणायचं तर ते 'दोनचे चार' राहत नाही.

म्हणून क्लाउड ही शेवटची प्रत. रोजच्या रिस्टोअरसाठी जवळ वेगवान काहीतरी हवं. जुन्या सर्व्हरमध्ये सहा डिस्क टाकून लिनक्स चढवणार, डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक लॉगिनमध्ये) न घेता. बॅकअपच्या फाइल १४ दिवस कुणालाच पुसता येणार नाहीत, ॲडमिनलाही नाही. डिस्क आणि कंट्रोलर ८४,०००.

क्लाउडमध्येही ऑब्जेक्ट लॉक (मुदत संपेपर्यंत फाइल पुसता येत नाही), कम्प्लायन्स मोडमध्ये, म्हणजे कुणालाच सूट नाही. त्यात मुदत टाकताना ज्युनियर शेजारी बसला होता, दोघांनी आकडा वाचला. दिवसांच्या जागी वर्षं निवडली गेली तर खातेदाराला स्वतःलाही ती काढता येत नाहीत, चौदा वर्षं भाडं भरत बसायचं.

१९ मे

नवं सॉफ्टवेअर सकाळपासून तक्रार करतंय: लॉगची साखळी तुटली. पोटात गोळा. रायटर आहे, नावात जागा नाही, डिस्कवर जागा आहे.

एमएसडीबीत बॅकअपचा इतिहास काढला, कुठली फाइल कुठे गेली त्या रकान्यासकट. एक आड एक ओळ: नव्या सॉफ्टवेअरची, नॅसची, नव्याची, नॅसची. ५ मेला मी लावलेला 'तात्पुरता' जॉब. दोघं एकाच लॉगमधून आळीपाळीने घास काढत होते. तुकडे सगळे आहेत, पण अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि नव्या सॉफ्टवेअरला नॅसवरच्यांचा पत्ता नाही.

जॉब बंद, नवा फुल बॅकअप, साखळी पुन्हा सुरू. नॅसवरचे तुकडे महिनाभर ठेवले आहेत. ज्युनियर हसला नाही, याचं कौतुक.

२१ मे

कालपासून पाऊस. मे महिन्यात. पल्पच्या गाड्या ताडपत्र्या टाकून उभ्या. क्लाउडची पहिली प्रत रात्री ९ ते सकाळी ७ अशी चढवायला घेतली, सहा रात्रींचा हिशेब होता. दोन रात्री झाल्या.

२४ मे

अरबी समुद्रातला कमी दाब आज रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आला. लाइट पहाटे गेली. जनरेटरवर पल्पचं कोल्ड स्टोरेज आधी, सर्व्हर रूम नंतर, हा क्रम बरोबरच आहे. यूपीएसने २२ मिनिटं दिली, होस्ट नीट बंद झाले. फायबर दुपारी गेला, हायवेच्या कामात कुठे तरी तुटला म्हणतात.

मान्सून आज केरळात पोहोचला. आपण सगळं '५ जूनच्या आत' धरून बसलो होतो.

२६ मे

मान्सून काल देवगडपर्यंत आला. लाइट आली, फायबर नाही. क्लाउडची प्रत ४१ टक्क्यांवर अडकली आहे.

तोवर बाहेर काहीच नाही असं चालणार नाही. दोन ४ टीबीच्या यूएसबी डिस्क आणल्या, एन्क्रिप्ट केल्या. एक आज पल्पच्या गाडीने आंबा घाटातून कोल्हापूरच्या डेपोत. ड्रायव्हरकाकांना स्टीलचा डबा दिला, आत सिलिका जेलच्या पुड्या. "यात काय हाय?" "हिशेब." "मग मी सीटखाली नाय, मांडीवर ठेवतो."

४ तासांत १.२ टीबी कोल्हापुरात. आपली लाइन हे कधीच करू शकणार नाही.

डिस्कची पासफ्रेज दोन पाकिटांत, एक शेठच्या कपाटात, एक काकूंकडे. डब्यात नाही. (ज्युनियरने लेबलवर लिहिली होती. काढली.)

३१ मे

फायबर २८ ला आला. क्लाउडची प्रत आज पहाटे पूर्ण. दर शनिवारी डिस्कची अदलाबदल मात्र चालू ठेवायची असं शेठ म्हणतात, आणि मलाही तेच हवं होतं.

वर्षाच्या लायसन्सची पीओ (खरेदीची ऑर्डर) गेली: १,३५,७००. पुढच्या वर्षी वाढ १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही असं त्यांनी ईमेलवर दिलं, कोटेशनवर नाही. ईमेल प्रिंट करून फाइलला लावला.

९ जून

दुसरी रिस्टोअर चाचणी, या वेळी शेठ स्वतः घड्याळ लावून बसले. कल्पना अशी की होस्ट गेला, सकाळी १०:१७ ची स्थिती हवी.

लिनक्सच्या डिस्कवरून मशीन ५२ मिनिटांत. त्यावर लॉग १०:१७ पर्यंत लावायला १४ मिनिटं. लॉगिन स्क्रिप्टमधून, एकही युजर पोरका नाही. डेटाबेसची अंतर्गत तपासणी २१ मिनिटं, स्वच्छ. काकूंनी १०:१५ चं व्हाउचर उघडलं, १०:१९ चं शोधलं, ते नव्हतं. नसायलाच हवं होतं.

एक तास ३१ मिनिटं, त्यात चार मिनिटं पासवर्ड चुकल्याची.

बाकी: प्रयोगशाळेच्या पोस्टग्रेसचा (वेगळा डेटाबेस) अजून रात्रीचा डंपच (पूर्ण प्रत) घेतोय, वॉल आर्काइव्ह (त्याच्या बदलांच्या लॉगचा सतत बॅकअप) लावायचं राहिलंय. नावांच्या शेवटची जागा पकडणारी ती उभ्या रेघेची क्वेरी दर सोमवारी आपोआप चालते आणि काही सापडलं तर ईमेल करते. आज सकाळी तिने ईमेल केला. 'काजू नवीन', शेवटी एक जागा. कन्सल्टंट शुक्रवारी येऊन गेला होता. त्याचे अधिकार आता काढले.